सेंद्रिय आहे तर विषारी कसं? 'सेंद्रिय प्रदूषक' ह्या शब्दाबद्दल

धागाकर्ता
मंडळी, एक शब्द दोन दिवसांपासून डोक्यात अडकून बसलाय. पुतणी बारावीला आहे, प्रकल्पाचा विषय घेतला विजेनं सांडपाणी साफ करणे, आणि वहीवर मोठ्या अक्षरात नाव टाकलं 'विषारी सेंद्रिय प्रदूषकांचे विद्युतरासायनिक ऑक्सिडीकरण'. ती ते जोरात वाचत होती तं आमचे बाबा खाटेवरून म्हणतात, "सेंद्रिय हाय तं विषारी कसं हाय बाप्पा? सेंद्रिय म्हणून तं गूळ दुप्पट भावानं इकतेत लोकं." मी हसलो, पण उत्तर काही देता आलं नाही. ह्या शब्दाला दुसरा पर्याय आहे का?

शाळामास्तर
शब्द फोडून पाहा, स + इंद्रिय, म्हणजे इंद्रियं असलेल्याचं, जिवाचं. इंग्रजीतही ऑर्गनवरूनच ऑरगॅनिक आलंय. पूर्वी समज होता की असे पदार्थ फक्त सजीवाच्या शरीरातच तयार होतात. १८२८ मध्ये व्होलरनं प्रयोगशाळेत युरिया बनवला आणि तो समज ढिला पडला, पण नाव काही गेलं नाही. आज रसायनशास्त्रात सेंद्रिय म्हणजे ढोबळमानानं कार्बनचं संयुग, एवढंच. शेणखताशी त्याचा संबंध नाही. फिनॉल सेंद्रिय, कापडाचे बहुतेक रंग सेंद्रिय, मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक पण सेंद्रियच.

कृषीकेंद्रवाला
थांबा थांबा सर, म्हणजे युरिया सेंद्रिय?? मी वीस वर्षं झाले त्याले रासायनिक खत म्हणून इकून राह्यलो 😄 उद्या पाटी बदलू काय?

शाळामास्तर
पाटी राहू द्या भाऊ, गिऱ्हाईक मारतील. शेतीतला 'सेंद्रिय' पिकवायची पद्धत सांगतो, रसायनातला 'सेंद्रिय' रेणूत काय आहे ते सांगतो. एकाच शब्दाला दोन मालक झालेत.

यवतमाळवाली
मास्तर, तुमचं बरोबर आहे पण कानाला कसंसंच होते. २०१७ च्या कीटकनाशक फवारणीत विषबाधेनं आमच्या जिल्ह्यात किती माणसं गेली, आणि ते डब्यातलं सेंद्रिय म्हणायचं? तसं आपण लोक तरी कुठं शहाणे, त्या विषाले आपण 'औषध'च म्हणतो. औषध आणलं, औषध मारलं, आणि घरी वाईट झालं तरी औषध पेला म्हणतो. शब्दावर विसंबून राह्यलं तं काही खरं नाही.

ईटीपीवाला
मी एमआयडीसीत सांडपाण्याच्या प्लांटवर आहे, आमच्याकडे कोणी सेंद्रिय बिंद्रिय म्हणत नाही, सरळ "सीओडी किती आला" विचारतात, म्हणजे पाण्यातली घाण ऑक्सिडाइझ करायला किती ऑक्सिजन लागतो ते माप. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला २५० मिलीग्रॅम लिटरमागे ही सर्वसाधारण मर्यादा, फिनॉलवाल्या घटकांना तर फक्त १. आता विजेचं सांगतो, दोन प्लेटा पाण्यात, डीसी करंट, जी प्लेट प्लसला जोडली तिच्यावर ऑक्सिडेशन, म्हणजे तेच ऑक्सिडीकरण, होते. एक तर घटक प्लेटीवर येऊन थेट इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, नाही तर पाणीच फुटून हायड्रॉक्सिल रॅडिकल (ऑक्सिजन-हायड्रोजनचा तापट तुकडा) तयार होते आणि ते त्या घटकावर तुटून पडते, आणि पाण्यात मीठ असलं तर क्लोरीन निघून तो पण हात धुवून मागे लागतो. पण मिठाचा एक तोटा, क्लोरीन चिकटलेले नवे घटक बनतात आणि त्यातले काही मूळच्यापेक्षा वाईट. प्लेट कशाची हे महत्त्वाचं. टायटॅनियमवर रुथेनियम ऑक्साइडचा लेप असला तर फिनॉल तुटते पण ऑक्झॅलिकसारख्या बारक्या आम्लांपाशी गाडी अडते. बोरॉन मिसळलेल्या हिऱ्याचा थर असला तर पार कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापर्यंत जाते. हिरा म्हटल्यावर घरचे सगळे डोळे मोठे करतात, पण तो पातळ पापुद्रा असतो, अंगठीत बसत नाही.

अकोल्यात कृषी शिकलेला
ह्या पार तोडण्याला पुस्तकात 'खनिजीकरण' म्हणतात. आम्ही मातीच्या पेपरात हाच शब्द शिकलो, कुजलेल्या पालापाचोळ्यातलं नत्र सुटून अमोनियम-नायट्रेट होते ते. तिथं जंतू करतात, इथं करंट करतो, अर्थ एकच. हा शब्द मला पटतो.

धागाकर्ता
काल अंगणातच करून पाह्यलं. टॉर्चच्या जुन्या सेलातल्या कार्बनच्या दोन कांड्या, काचेच्या बरणीत पाणी, चमचाभर मीठ, पाच-सहा थेंब निळी शाई, आणि वीज फवारणी पंपाच्या बारा व्होल्टच्या बॅटरीची. दोन्ही कांड्यांवर बुडबुडे, थोड्या वेळानं ब्लीचिंग पावडरसारखा वास (म्हणूनच उघड्यावर केलं, घरात करू नका आणि नाक लावू नका), आणि शाई फिकी होत होत गेली. प्लसची कांडी मात्र झडून बरणीच्या तळाला काळी भुकटी बसली. पुतणीनं वहीत लिहिलं 'प्रदूषण नष्ट झाले'. मी खोडलं. रंग गेला, एवढंच लिही म्हटलं. शाईचे तुकडे पाण्यातच असतील.

शाळामास्तर
खोडलं ते छान केलं. आता नावाचं. दहावीच्या पुस्तकात 'कार्बनी संयुगे' असाच शब्द आहे, तोच घ्या. 'विषारी कार्बनी प्रदूषक'. ऑक्सिडीकरण हा शब्द तसाच ठेवा, बाहेरून ऑक्सिजन घातला नाही तरी चालते, इलेक्ट्रॉन गमावला की ऑक्सिडीकरण झालं. प्लसच्या प्लेटीला, म्हणजे ॲनोडला, 'धनाग्र' म्हणणं पण इथं ठीक, पण बॅटरीच्या धड्यात तोच शब्द घसरतो, वापरात असलेल्या सेलात ॲनोड ऋण बाजूला असतो. फॅरेडेनं १८३४ मध्ये ॲनोड शब्द रूढ केला तो ग्रीकमधल्या वाटेच्या अर्थानं, त्यात धन-ऋण काही नव्हतं. ते आपण मराठीत घुसवलं.

ईटीपीवाला
आणि रॅडिकलले 'मूलक' नका करू भाऊ. शाळेत मूलक म्हणजे प्रभार असलेलं, हायड्रॉक्साइड वगैरे. हायड्रॉक्सिल रॅडिकलवर प्रभारच नसतो, एक इलेक्ट्रॉन एकटा लटकलेला असतो, म्हणून तर ते एवढं तापट. मूलक लिहिलं की परीक्षक वजाचं चिन्ह शोधत बसेल.

धागाकर्ता
'हायड्रॉक्सिल मुक्त मूलक' असं लिहून खाली एका ओळीत प्रभार नसल्याचं टाकतो. नाव 'कार्बनी'च ठेवलं. बाबांना वाचून दाखवलं तं म्हणे, "कार्बन म्हणजे कोयसा ना? मंग सरळ कोयसा लिव्हा." आता हे मास्तरांनीच येऊन समजावा, चहा आमच्याकडे.