देवाची जुनी कृपा आठवून भरवसा कसा टिकवायचा?

प्रश्न (वेंगुर्ला): मासळी कमी पडली की झटपट तोडगे सांगणारे दारात येतात. जुन्या आठवणींचा आधार घ्यायचा तर नेमकं काय करावं?

उत्तर: बायबलमध्ये आहे, यार्देन नदी ओलांडल्यावर इस्राएल लोकांचा पुढारी यहोशवा याने तिच्या पात्रातले 12 धोंडे गिलगाल या मुक्कामी उभे केले, पुढे मुलांनी ‘हे कसले?’ विचारावं म्हणून. ताई, तशी एक वही करा. तारीख, अडचण, मदत कुणाच्या हातून आली आणि किती दिवस थांबावं लागलं. थांबलेले दिवस गाळू नका, नाहीतर पुढच्या संकटात आठवड्यातच धीर सुटतो.

उत्तर: बॉलपेनने लिहा, पावसाळ्यात शाई फुटते. रविवारी एक नोंद घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा. देवाशी ‘तेव्हा दिलंस, आता दे’ सुरू झालं की तो सौदा झाला. आजारात औषध मात्र चालूच ठेवा.