सॉयलेंट ग्रीन (१९७३): हा सिनेमा खरंच लोकसंख्येबद्दल आहे का?

रात्रपाळी

आधीच सांगतो, खाली शेवट उघड केलाय, त्यामुळे बघायचा राहिला असेल तर आधी बघून या.

सॉयलेंट ग्रीनचं नाव निघालं की कोणीतरी हमखास म्हणतं, बघा, माणसं फार झाली की काय होईल ते १९७३ सालीच सांगून ठेवलं होतं. मला हे पटत नाही. गर्दी त्यात भरपूर आहे, पण सगळा अनर्थ घडतो तो अन्नाच्या चाव्या एका कंपनीच्या हातात गेल्यामुळे आणि त्या कंपनीने एक रिपोर्ट दाबल्यामुळे.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. साल २०२२, न्यूयॉर्क, लोकसंख्या ४ कोटी, वर्षभर उकाडा. लोक जिन्यात, बंद पडलेल्या गाड्यांत, चर्चमध्ये झोपतात. सॉयलेंट कंपनी वड्या विकते, लाल, पिवळ्या आणि नव्या हिरव्या, हिरव्या फक्त मंगळवारी मिळतात आणि त्या समुद्रातल्या प्लँक्टनपासून (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) केल्यात असं सांगितलं जातं. कंपनीच्या संचालक मंडळावरच्या सायमनसनचा खून होतो, थॉर्न नावाचा पोलीस (चार्लटन हेस्टन) तपास करतो, आणि त्याच्यासोबत राहणारा म्हातारा सोल (एडवर्ड जी. रॉबिन्सन) त्याला जुनी पुस्तकं, कागदपत्रं वाचून माहिती काढून देतो. शेवटी कळतं की समुद्र मरतोय, प्लँक्टन संपत चाललंय आणि हिरव्या वड्या माणसांच्या प्रेतांच्या आहेत.

आता सायमनसनचा फ्लॅट आठवा. एसी आहे, गरम पाण्याचा शॉवर आहे, करमणुकीला व्हिडिओ गेमचं मशीन आहे. थॉर्न तिथून साबण, दारू, भाजी, बीफचा तुकडा उचलून आणतो आणि ते मांस बघून सोलला रडू येतं. सायमनसनच्या बॉडीगार्डच्या घरातून आणलेल्या चमच्यावर स्ट्रॉबेरी जॅम निघतो, त्याची बरणी १५० डॉलरची. म्हणजे वस्तू संपलेल्या नाहीत, त्या कोणाच्या दारापर्यंत पोचतात एवढाच प्रश्न आहे. आणि सायमनसनला मारलं का, तर समुद्राच्या पाहणीचा २०१५ ते २०१९ चा रिपोर्ट त्याला माहीत होता आणि त्याचं मन त्याला खात होतं म्हणून. हे सगळं सोडून 'माणसं जास्त झाली' एवढंच ज्यांना दिसतं त्यांनी सिनेमा परत बघावा असं मला मनापासून वाटतं.

गोदाकाठ

असहमत. तुम्ही सिनेमाचा तुमच्या सोयीचा भाग उचललाय.

पहिली दोनअडीच मिनिटं आठवा. एक शब्द नाही, नुसते स्थिर फोटो, आधी निवांत मोजकी माणसं, मग गाड्या, कारखाने, धूर, कचरा, फोटो पळायला लागतात, गर्दीवर गर्दी, आणि मग पाटी येते, साल, शहर आणि लोकसंख्या ४ कोटी. दिग्दर्शक रिचर्ड फ्लायशरने पात्रांची ओळख करून देण्याआधी प्रेक्षकाच्या हातात आकडा दिलाय, तो उगाच नाही.

मूळ कादंबरी हॅरी हॅरिसनची, १९६६ ची, 'मेक रूम! मेक रूम!', तिच्यात १९९९ सालचं न्यूयॉर्क आहे आणि साडेतीन कोटी माणसं. ती कादंबरी कुटुंबनियोजनासाठीच लिहिलीय. त्यातला सोल संततिनियमनाच्या कायद्यासाठी मोर्चात उतरतो, जखमी होतो आणि न्यूमोनियाने जातो. एवढं स्पष्ट असताना विषय लोकसंख्या नाही म्हणणं मला तरी ओढूनताणून वाटतं.

रात्रपाळी

@गोदाकाठ, कादंबरीचा दाखला तुम्ही दिलात हे बरं झालं, कारण तोच माझ्या बाजूचा आहे. कादंबरीत प्रेतांच्या वड्या नाहीतच! तिथे सोया आणि मसुराचं काहीतरी खातात. कंपनीचं कारस्थान नाही, खून एका गुंडाचा होतो आणि तोही त्याच्या घरात चोरीला शिरलेल्या पोराच्या हातून. पटकथा लिहिणाऱ्या स्टॅनली ग्रीनबर्गने संततिनियमनाचा सगळा भाग काढून टाकला आणि त्या जागी कंपनी, दाबलेला रिपोर्ट, गप्प बसलेला गव्हर्नर हे आणलं. सोलचं मरणसुद्धा बदललं, सिनेमातला सोल मोर्चात जात नाही, खरं कळल्यावर सरकारी इच्छामरणाच्या केंद्रात जातो. हॅरिसनला जे म्हणायचं होतं ते सिनेमाने म्हटलेलंच नाही. कादंबरी लोकसंख्येची आहे, मान्य, मी सिनेमाबद्दल बोलतोय.

गणिती

मी वड्यांचा हिशोब करून बघितला. ४ कोटी माणसं, वर्षाला शंभरात एक मरतो असं धरलं तर ४ लाख प्रेतं, म्हणजे रोजची साधारण ११००. एकेक ६० किलो धरलं (उपाशी माणसं, खरं तर कमीच भरतील) तर ६६ टन. ते ४ कोटींत वाटलं तर माणशी रोज दीड ग्रॅमच्या थोडं वर. मृत्युदर तिप्पट केलात तरी ५ ग्रॅम. यावर कोणी जगत नाही.

म्हणजे अन्नटंचाईवरचा उपाय म्हणून ही कल्पना उभीच राहत नाही, आणि म्हणूनच माझ्या मते लोकसंख्यावाल्यांचा आणि रात्रपाळी यांचा दोघांचाही मुद्दा यात अडकतो. शेवटी थॉर्न ओरडतो की पुढे आपल्याला गुरांसारखं पैदा करतील, पण त्या माणसांना वाढवायला आधी खायला कुठून घालणार? ज्या गोष्टीचा पायाच हिशोबात बसत नाही तिच्यावरून ना लोकसंख्येचं धोरण ठरवावं ना कंपन्यांबद्दलचं मत.

अनामिका_ठाणे

गणिती, हिशोब बरोबर आहे पण गोष्ट हिशोबासाठी सांगितलेली नसते हो.

मला वेगळंच खटकतं आणि ते कोणीच बोलत नाहीये. फ्लॅटबरोबर बाई मिळते. शर्ल सायमनसनच्या फ्लॅटची, तो मेला की पुढच्या भाडेकरूची, आणि त्यांना फर्निचर म्हणतात. माणसं जास्त झाली असं म्हणणाऱ्या अख्ख्या सिनेमात मूल हवं की नको हे ठरवणारी एकही बाई नाही. आई म्हणून ठळक दिसते ती मेलेली, तिचं मूल दोरीने तिला बांधलेलं, आणि थॉर्न ते उचलून चर्चमध्ये नेतो. लोकसंख्येचा प्रश्न जर कुठे सुटला असेल तर तो बायकांच्या हातात शिक्षण, पैसा आणि गर्भनिरोधक आल्यावर सुटलाय. आपल्याकडचंच बघा, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाचा जननदर (एका बाईमागे सरासरी मुलं) २.० आणि महाराष्ट्राचा १.७ आहे. त्यामुळे गोदाकाठ, हा लोकसंख्येवरचा सिनेमा असेल तर फारच अर्धवट आहे, आणि रात्रपाळी, तुम्हीही वाटपाबद्दल इतकं लिहिलंत पण त्या फ्लॅटमधून काय काय वाटलं जातंय त्या यादीत शर्लचं नाव घातलं नाहीत.

सातपुडा

हा सिनेमा अमेरिकेत लागला तेव्हा, म्हणजे १९७३ च्या उन्हाळ्याच्या तोंडाला, आपल्याकडे बहात्तरच्या दुष्काळाची कामं सगळ्यात जोरात होती. जवळपास ५० लाख माणसं खडी फोडायला, तलाव खोदायला, रस्त्यावर. आमच्या घरात अजून मिलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी) आणि सुकडीच्या (दुष्काळात वाटलेला कोरडा खाऊ) गोष्टी निघतात, आजी म्हणायची लाल ज्वारीची भाकरी नरड्याखाली उतरायची नाही पण उतरवली. पीक गेलं होतं, माणसं होती तेवढीच होती, आणि तरी फार मोठी जीवहानी टळली कारण लोकांनी काम मागितलं, मोर्चे काढले, विधानसभेत आरडाओरडा झाला आणि मजुरी हातात पडली. रोजगार हमीचा कायदा पुढे १९७७ साली झाला. अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल हेच मांडलंय की तांदूळ १९४१ पेक्षा कमी नव्हता, विकत घ्यायची ताकद गेली होती. सिनेमातल्या न्यूयॉर्कमध्ये अशी मागणी करायला जागाच नाही, दंगल झाली की फावड्यांच्या गाड्या येतात आणि माणसं कचऱ्यासारखी उचलतात.

आणि 'माणसं फार झाली' ही भीती डोक्यात गेली की काय होतं तेही आपण बघितलंय. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अडलं. नसबंदीच्या गाड्या गावात आल्या की पुरुष शेतात पळायचे हे आमच्याकडे वडीलधारे सांगतात. म्हणून माझं मत रात्रपाळी यांच्या बाजूने, सिनेमा कशाबद्दल आहे हा नुसता रसग्रहणाचा प्रश्न नाहीये.

गोदाकाठ

@सातपुडा, सक्तीच्या बाजूने मी एक अक्षर लिहिलेलं नाही, ते माझ्या खात्यावर टाकू नका. नसबंदीचा अत्याचार झाला म्हणून लोकसंख्येचा ताण खोटा ठरत नाही.

बहात्तरचं म्हणाल तर मिलो आली कुठून? बाहेरून. देशात दुसरीकडे धान्य होतं, परदेशातून आणता आलं, म्हणून मजुरीचा उपयोग झाला, नाहीतर हातात पैसे घेऊन लोक बसले असते. सिनेमातल्या जगाला 'बाहेर' उरलेलंच नाही. शेतं बंदोबस्तात आहेत, समुद्र हा शेवटचा कोठार होता आणि तोही जातोय. सायमनसनच्या फ्रीजमधलं मांस ४ कोटींत वाटलंत तर गणिती यांच्या दीड ग्रॅमइतकंसुद्धा येणार नाही. न्याय्य वाटप हवंच, पण वाटायला काहीतरी असावं लागतं.

अनामिकाताई, तुमचा मुद्दा मान्य, पण तो सिनेमा अपुरा आहे याबद्दल आहे, विषय दुसरा आहे याबद्दल नाही.

निरांजन

तुम्ही सगळे गर्दी आणि वाटप करताय, मला हा सिनेमा उकाड्याचा वाटतो. सोल जेवताना चिडून म्हणतो की वर्षभर उन्हाची लाट, ग्रीनहाऊस इफेक्ट, सगळं जळतंय, आणि हे १९७३ साली, एका व्यावसायिक सिनेमात! २०२० च्या जनगणनेत खऱ्या न्यूयॉर्कची लोकसंख्या ८८ लाखांच्या आसपास निघाली, ४ कोटींच्या जवळपासही नाही, जगाचा लोकसंख्यावाढीचा वेग साठच्या दशकातच शिखरावर पोचून उतरायला लागला होता. तो अंदाज सपशेल चुकला, उकाड्याचा नाही.

सोलच्या शेवटच्या सीनमध्ये त्याला वीस मिनिटं काय दाखवतात? हरणं, फुलं, वाहतं पाणी, मावळता सूर्य, मागे चायकोव्हस्की, बीथोव्हेन, ग्रीग यांचं संगीत. थॉर्नने यातलं काहीच कधी बघितलेलं नसतं, तो काचेपलीकडून रडतो. रॉबिन्सन सिनेमा लागायच्या आधीच, जानेवारी १९७३ मध्ये गेला, तो सीन मला दर वेळी जड जातो. त्या चित्रांत ना गर्दी आहे, ना कंपनी.

रात्रपाळी

अनामिका, शर्लचं नाव त्या यादीत हवंच. माझा वाटपाचा मुद्दा त्याने आणखी घट्ट होतो, कारण त्या शहरात माणूससुद्धा फ्लॅटच्या करारात लिहून मिळतो आणि प्रेतांच्या वड्या ही त्याच्या पुढची पायरी आहे. गणिती, दीड ग्रॅम असो की पाच, कंपनीने ते केलं आणि लोकांना प्लँक्टन म्हणून विकलं, मी त्या विकण्याबद्दल बोलतोय.

गोदाकाठ, 'बाहेर उरलं नाही' हा इथला सगळ्यात वजनदार मुद्दा आहे. पण बाहेर उरलं नाही हे कंपनीला २०१९ ला माहीत होतं ना? तेव्हाच जाहीर झालं असतं तर मासेमारी थांबवता आली असती, शेती वाढवता आली असती, मुलं कमी होऊ द्यायची का याचा विचार लोकांनी स्वतः केला असता. तो रिपोर्ट चारचौघांत ठेवला गेला, त्यातल्या एकाचा खून झाला, आणि सोलसारख्या म्हाताऱ्यांना तो जुन्या ग्रंथालयात बसून जुळवावा लागला. लोकसंख्येचा प्रश्न असला तरी त्यावर बोलायला लोकांना खरं कळावं लागतं, आणि सिनेमात सगळ्यात आधी तेच काढून घेतलंय.

गोदाकाठ

रिपोर्ट दाबणं हा गुन्हाच, त्यावर वाद नाही. पण २०१९ ला जाहीर झाला असता तरी त्या दिवशी ४ कोटी माणसं तिथे होतीच, त्यांना पुढच्या मंगळवारी खायला काय दिलं असतं? मासेमारी थांबवून तर आणखी कमी. तुमच्या मांडणीत याला उत्तर नाही. मी अजूनही पहिल्या पाटीवरच्या आकड्यालाच धरून आहे, मंगळवारचं उत्तर द्या, मग पुढे बोलू.