एकटीने कॅम्पिंग करत कताई-रंगाईच्या कार्यशाळेला जातेय, परतताना ओल्या लोकरीचं काय करायचं?

मंडळी, मदत हवी आहे.

लोकर कताई आणि नैसर्गिक रंगाईच्या कार्यशाळेत नाव नोंदवलंय. राहायची सोय ज्याची त्याने बघायची, म्हणून वाटेत आणि तिथेही तंबूतच मुक्काम ठोकायचं ठरवलंय. गाडी माझी, सोबतीला कुणी नाही. तंबू लावणं, स्टोव्ह, लांबचं ड्रायव्हिंग सगळं जमतं. 'एकटी कशाला जातेस' हे घरून भरपूर ऐकून झालंय, तेवढं सोडून काहीही सुचवा.

खरी अडचण वेळापत्रकाची आहे. आधी पिंजण, मग कताई आणि रंगाई अगदी शेवटच्या दिवशी. म्हणजे त्या संध्याकाळी माझ्या हातात मंजिष्ठा (लाल रंग देणारं मूळ) आणि निळीत रंगवलेल्या सुताच्या ओल्या लड्या असणार आणि सकाळी मी रस्त्याला लागलेली. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के बाष्प पिऊनही हाताला कोरडी लागते. वाळली समजून पिशवीत कोंबली आणि पुढच्या मुक्कामी कुबट वास, असं व्हायला नको. तंबूत टांगावी तर पहाटे आपल्याच श्वासाने आतलं कापड निथळत असतं. गाडीत ठेवावी तर काचा बंद, ऊन आलं की आत भट्टी. तुम्ही काय करता?

दुसरं, तिथे न धुतलेली, अख्ख्या मेंढीची लोकर विकायला असते आणि मी ती घेणार हे मला आत्ताच माहीत आहे. चरबी, घाम, काड्या, लेंड्या सगळ्यासकट ती आणि मी एका बंद गाडीत! वाटेत कॅम्पवर थोडी थोडी धुवावी का? लॅनोलिन, म्हणजे लोकरीतली ती चरबी, सुटायला पाणी ६० अंशांच्या आसपास लागतं, ते एका बर्नरवर किती तापवत बसणार, आणि नंतर ते चिकट पाणी ओतायचं कुठे?

तिसरं, संध्याकाळी कातायला चरखा न्यावा की टकळी (हाताने फिरवायची छोटी चाती) पुरे? माझा चरखा घडीचा आहे पण लाकडी.

आणि पाऊस लागला तर तंबूच्या पडवीत स्टोव्ह ठेवून रंग शिजवता येईल का? मंजिष्ठा ७० अंशांच्या वर गेली की लाल तपकिरीकडे झुकतो, त्यामुळे मंद आचेवर बराच वेळ ठेवावी लागते.

प्रतिसाद १

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. पडवीतही नाही, दार उघडं ठेवूनही नाही. जळत्या स्टोव्हमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळायच्या आत माणूस आडवा होतो. शिवाय तंबूचं नायलॉन आचेने वितळतं. पाऊस असेल तर त्या दिवशी रंग नाही, संपलं. आणि रंगाचं भांडं कायमचं रंगाचंच, त्यात चहासुद्धा करायचा नाही.

सांडपाणी ओढ्या-तळ्यापासून निदान ६० मीटर लांब न्या आणि एका जागी न ओतता पसरून टाका. कॅम्पची स्वतःची सांडपाण्याची सोय असेल तर आधी विचारून तिथेच ओता.

एकटीचं म्हणाल तर अंधार पडायच्या आत पोचा, गाडीचं तोंड बाहेरच्या दिशेने लावा, नकाशे फोनमध्ये उतरवून ठेवा आणि आजचा मुक्काम कुठे ते रोज एका माणसाला कळवा. बाकी तुम्हाला येतंच आहे.

प्रतिसाद २

मी लोकरीबद्दल बोलते. रंगवण्याआधी प्रत्येक सुक्या लडीचं वजन लिहून ठेवा. छोटा डिजिटल काटा सोबत असू द्या. १०० ग्रॅमची लड पुन्हा १००-१०५ वर आली की मगच पिशवीत, हाताच्या स्पर्शावर विसंबू नका.

पाणी काढायला जाड टॉवेलात लड गुंडाळायची आणि त्यावर चक्क उभं राहायचं. नुसत्या दाबाने लोकर घट्ट होत नाही, ती गरम पाणी, साबण आणि चोळण्याने होते. मग गाडीतल्या मागच्या सीटवरच्या दोन हँडलना दोरी बांधून लड्या टांगा आणि गाडी चालवताना काचा दोन बोटं उघड्या ठेवा. वाऱ्याने जे काम होतं ते उन्हाने होत नाही, आणि ताजा रंग कडक उन्हात ठेवूही नये.

कच्ची लोकर वाटेत अजिबात धुऊ नका. विकत घेतली की तिथेच जुन्या चादरीवर पसरा, कडेची मळकी लोकर आणि लेंड्या काढून टाका, चादरीतच गुंडाळा. प्लॅस्टिक नको, आत घाम धरतो. लॅनोलिन ४० अंशांच्या आसपास वितळतं, तेव्हा सीटवर आणखी एक कापड घाला, नाहीतर डाग कायमचा. घरच्या लोकरीत मिसळण्याआधी पिशवीत बंद करून काही दिवस फ्रीझरमध्ये, कसर लागलेली असेल तर तिथेच मरेल.

चरखा घरीच राहू द्या. तापलेल्या गाडीत लाकूड वाकतं. टकळी आणि थोडे पेळू (कातायला तयार, पिंजलेल्या लोकरीच्या वळ्या) घ्या, खुर्चीवर बसून कातता येतं.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. काटा घेतला, चरखा यादीतून काढला, पावसातल्या रंगाईचा विचारही सोडला. आता एवढंच सांगा, निळीची लड मंजिष्ठेच्या शेजारी टांगली तर निळं लागेल का?

प्रतिसाद २

लागेल. निळीचे वरवरचे कण घासून निघतात. पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळा आणि तरीही दोरीच्या दुसऱ्या टोकाला टांगा. खाली एखादं फडकं टाकून ठेवा.