मदत हवी आहे: मारुती ८०० चं हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) घरी बदलायला किती दिवस धरावेत?

गाडी कार्ब्युरेटरवाली, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. रेडिएटरचं पाणी घटतंय, ऑइलच्या झाकणाखाली पांढरट लोणी जमलंय आणि थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे. निदानाबद्दल शंका नाही, वेळेचा अंदाज हवाय.

कूलंट व ऑइल काढणं, टायमिंग बेल्ट, कार्ब्युरेटरसकट इनटेक आणि हेड उतरवणं: शनिवारचा पूर्ण दिवस धरलाय. घोडं अडतं ते एक्झॉस्टच्या गंजलेल्या स्टडपाशी (हेडमध्ये रुतलेले आटेदार दांडे). आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवणारच, पण एक जरी तुटला तरी तो ड्रिल करून काढण्यात अर्धा दिवस सहज जातो.

मग हेडवर स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) आडवी-तिरकी ठेवून फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचं माप) लावायचा. ०.०५ मिमीचं पातं खालून सरकलं तर हेड फेसिंगला (पृष्ठभाग मशीनवर सपाट करायला) द्यावं लागेल, आणि वर्कशॉपमधली रांग काही आपल्या हातात नसते.

जोडणीला रविवार पुरावा. जुनं गॅस्केट खरवडणं हे कंटाळवाणं काम सगळे कमीच धरतात. बोल्टची भोकंही कोरडी हवीत. तळाशी पाणी राहिलं तर टॉर्क रेंच (बोल्ट किती घट्ट झाला ते दाखवणारा पाना) खोटं बोलतो.

प्रश्न दोनच. हेड उतरलेलंच आहे तर व्हॉल्व्ह लॅपिंग (व्हॉल्व्ह घासून बैठकीवर नीट बसवणं) आणि व्हॉल्व्हचे नवे सील यांना किती तास वाढवू? आणि फेसिंग, प्रेशर टेस्ट धरून हेड परत यायला तुमच्याकडे साधारण किती दिवस लागतात? सोमवारी गाडी लागणार आहे, नाहीतर दुसरी सोय बघतो.