केमोथेरपीच्या काळातील चिंता आणि खिन्नता: रुग्णाला स्वतः काय करता येईल?

प्रश्न: आईची केमोथेरपी सुरू आहे. तपासणीच्या आदल्या रात्री तिला झोप लागत नाही आणि दिवसा कशातच मन रमत नाही. तिला स्वतःला करता येतील असे उपाय कृपया सुचवावेत.

उत्तर १: रात्रीसाठी स्नायू शिथिलीकरण करून पाहावे, एडमंड जेकबसन यांनी विकसित केलेल्या या पद्धतीत पावलांपासून चेहऱ्यापर्यंत एकेक स्नायुगट काही सेकंद ताणून मग सावकाश सैल सोडायचा असतो. शस्त्रक्रियेची जागा किंवा दुखरा भाग मात्र ताणू नये.

उत्तर २: दिवसाची उदासीनता मला अधिक काळजीची वाटते. मन लागण्याची वाट पाहत बसल्यास ती वाढत जाते, म्हणून एखादे छोटे, आवडते काम ठरलेल्या वेळी करावे. डॉक्टरांची संमती असल्यास आठवड्यातून 3 वेळा 30 मिनिटे चालण्यापर्यंत हळूहळू पोहोचावे. अशा व्यायामाने चिंता, खिन्नता आणि थकवा कमी होण्यास मदत होते. आणि कृपया ‘सकारात्मक राहा’ असे त्यांना सारखे सांगू नका. भीती बोलून दाखवण्याची मोकळीक त्यांना हवी असते.

उत्तर ३: खिन्नता 2 आठवड्यांहून अधिक टिकल्यास मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे, जगणे नकोसे झाल्याचे त्या बोलल्या, तर त्याच दिवशी. खिन्नतेवर घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्टसारखी वनौषधी परस्पर देऊ नये, कारण तिच्यामुळे केमोथेरपीच्या काही औषधांचा परिणाम कमी होतो.