लांबचा प्रवास संपला हे तुम्हाला नेमकं कधी कळलं?

कैरोहून निघून आम्ही दोघं पाच महिन्यांनी, फेब्रुवारी 2018 मध्ये, केपटाऊनला पोचलो. विमान कुठेच घेतलं नाही. बस, बोट, कधी मालट्रक, आणि दार-एस-सलामहून झांबियात उतरवणारी 1860 किलोमीटरची ताझारा रेल्वे. इतक्या वर्षांनीही त्या प्रवासाचा शेवट मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढते आहे. माझं सांगते, मग तुमचं सांगा.

मला वाटलं होतं, टेबल माउंटन दिसला की रडू येईल. विंडहुकहून रात्रभर बसने आलो, सकाळी तो सपाट माथा समोर आला तेव्हा मी पिशव्या मोजत होते. मग वाटलं, खरं टोक तर अजून पुढेच आहे. (आफ्रिकेचं दक्षिण टोक केप ऑफ गुड होप नव्हे, केप अगुल्हास. नाव पोर्तुगीज, अर्थ 'सुया'.) तिथेही गेलो. दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं की डावीकडे हिंदी महासागर, उजवीकडे अटलांटिक. फोटो काढले, वाऱ्यात ओढणी सांभाळली, परत आलो. आत काहीच हललं नाही.

हललं ते लॉजच्या न्हाणीघरात. त्या वर्षी केपटाऊनचं पाणी संपत आलं होतं. माणशी दिवसाला 50 लिटरची मर्यादा. शहराचे नळ बंद करायचा दिवस, 'डे झिरो', जो तो त्याचीच चर्चा करत होता. न्यूलँड्सच्या झऱ्यावर कॅन घेऊन माणसं रांगेत उभी. शॉवरखाली बादली ठेवलेली, साठलेलं पाणी संडासात टाकायचं. मी लातूरची. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा आमच्या घरात भांडी घासलेलं पाणी आई असंच जपून ठेवायची. पाच महिने घराची आठवण आली नव्हती असं नाही, पण ती फोनपुरती. त्या बादलीपाशी मी ओल्या अंगाने खाली बसले आणि बाहेर आल्यावर नवऱ्याला म्हटलं, "आता घरी जाऊ या."

*

ताई, बादलीचं वाचून थांबलो जरा वेळ.

माझा प्रवास सायकलचा, कोलंबिया ते उशुआया, म्हणजे अर्जेंटिनाच्या पार दक्षिणेकडचं शहर. अर्जेंटिनातला राष्ट्रीय मार्ग क्रमांक 3 लापाताइया उपसागरापाशी संपतो, तिथे लाकडी पाटी आहे : ब्यूनोस आयर्स 3079 किमी, अलास्का 17848 किमी. वर्षभर तिच्याकडे चाललो होतो. पोचल्यावर पहिला विचार आला तो हा, की आता याच कच्च्या रस्त्याने परत शहरात जायचंय. पाटीपुढे रस्ता नाही, पण मागे आहेच.

शेवट झाला दुसऱ्या दिवशी. सायकलच्या दुकानातून पुठ्ठ्याचं खोकं मागून आणलं आणि पॅडल काढायला बसलो. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, हे मला वर्षानुवर्षं माहीत आहे. तरी मी पाना चुकीच्या बाजूलाच फिरवत राहिलो, पॅडल आणखी आवळत गेलं. हातांना ती सायकल सुटी करायची नव्हती असंच मला आजही वाटतं. दुकानदार न बोलता बाजूला येऊन बसला आणि त्याने ते काढून दिलं.

*

आम्ही दोघी बहिणी, मी 64 आणि ती 61, मॉस्को ते व्लादिवोस्तोक, रेल्वेने. तिथल्या स्टेशनवर 9288 असा, मॉस्कोपासूनच्या किलोमीटरचा आकडा कोरलेला खांब आहे, त्याला हात लावून आलो. सात दिवस डब्याच्या टोकाला असलेल्या सामोवारचं गरम पाणी आणि घरून नेलेलं उपीटाचं पीठ. तेव्हा गाड्यांचं वेळापत्रक मॉस्कोच्या वेळेने असायचं, त्यामुळे बाहेर अंधार पडायचा आणि आमच्या तिकिटावर दुपार. हॉटेलातला पलंग हलत नाही म्हणून पहिल्या रात्री झोपच आली नाही. पहाटे तीनला बहीण म्हणाली, "जागी आहेस ना गं? गाडी थांबल्यासारखी वाटतेय."

*

मी स्वतः कुठे गेले नाही. मुलगा गेला होता, इस्तंबूलपासून पुढे आठ महिने. भिंतीवरच्या नकाशात मी टाचण्या टोचायची. गावांची नावं फोनवर दोनदा विचारून घ्यायची. तो परत आला, जेवला, झोपला. संध्याकाळी दिवा लावल्यावर सवयीने टाचण्यांची डबी हातात घेतली आणि लक्षात आलं, आज टोचायची नाही. नकाशा काढलेला नाही. घरी वाट पाहणाऱ्याचाही प्रवास संपतो, म्हणून लिहिलं.

*

माझा संपला नाही, तुटला. इक्वेडोरहून खाली येत होतो, उशुआयालाच जायचं होतं. 15 मार्च 2020 ला पेरूत आणीबाणी जाहीर झाली आणि पाठोपाठ सीमा बंद. मी कुस्कोत. आमच्या खोलीच्या खिडकीतून चौकाचा एक कोपरा दिसायचा, त्यात दिवसदिवस एक कुत्रा सोडून कोणी नाही. ज्यांच्या घरात राहत होतो त्या आजींनी पहिल्या आठवड्यानंतर भाडं घेणं बंद केलं. मला त्यांची भाषा मोडकीतोडकी यायची, त्यांना माझी अजिबात नाही. मी त्यांना बटाट्याची भाजी मोहरीशिवाय करून घातली, त्यांनी मला बटाट्याचे किती प्रकार असतात ते दाखवलं. निघताना त्यांच्या पाया पडलो तर त्या घाबरल्या, मग कळलं तेव्हा डोक्यावर हात ठेवला.

बोलिव्हियासाठी आधीच बदलून घेतलेल्या नोटा अजून पाकिटात आहेत. पुन्हा कुस्कोपासूनच सुरू करायचं आहे.

सायकलवाले दादा, तिकडच्या दक्षिणेतल्या, पॅटागोनियातल्या वाऱ्याबद्दल जरा सविस्तर लिहाल का? डिसेंबरात जावं की फेब्रुवारीत?