अगस्त्य ठेवावं की नको? (बारसं रविवारी आहे)

रावपुऱ्याची सून

नमस्कार. बाळ आज नऊ दिवसांचं झालं. मुलगा. रविवारी बारसं, म्हणजे हातात तीन दिवस.

खरं तर नाव कधीच ठरलं होतं. मुलगी झाली तर रेवा, मुलगा झाला तर अगस्त्य. रेवा नवऱ्याची निवड, अगस्त्य माझी, आणि त्याचं कारण माझे सासरे. ते गेल्या वर्षी गेले. थंडीत रात्रीची जेवणं झाली की ते मला गच्चीवर न्यायचे आणि दक्षिणेला पाण्याच्या टाकीच्या कडेला बोट दाखवायचे. "तो बघ अगस्ती. व्याधानंतर सगळ्यात तेजस्वी तारा हाच. पण बडोद्यात बिचारा डोकं वर काढतो न काढतो तोच मावळायला लागतो." इथून तो क्षितिजाच्या वर जेमतेम पंधरा अंश येतो. समोर चार मजले चढले की संपलंच. लग्नानंतरच्या पहिल्या जानेवारीत त्यांची शाल पांघरून मी तो पाहिला, आणि नाव तेव्हाच मनात ठेवून दिलं. त्यांना सांगायचं राहून गेलं.

काल बाळाची कावीळ तपासायला डॉक्टरांकडे गेलो होतो. काउंटरवरच्या मुलीने हाक मारली, "अगस्त्य!" आणि दोन बायका उठल्या. एकीच्या कडेवर दीड वर्षाचा, दुसरीचा आमच्याएवढाच, दुपट्यात गुंडाळलेला. "शाह के पटेल?" मुलीने विचारलं. माझ्या मांडीवर तिसरा, अजून बिननावाचा. नवरा माझ्याकडे बघत होता, मी भिंतीवरच्या लसींच्या तक्त्याकडे.

घरी आल्यावर नणंद म्हणाली, "अगं, हार्दिक पंड्याच्या मुलाचं नाव तेच ना!" खरंच की. 2020 साली ठेवलेलं. मला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही, पण हार्दिक बडोद्यात वाढलेला, तेव्हा आता इथे जो तो विचारणार, हार्दिकवरून का?

त्यात आमचं आडनाव पाटील. इथे राहणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. पाटील म्हटलं की समोरचा 'पटेल' लिहून मोकळा होतो. कुरिअरवर पटेल, दुधाच्या हिशोबात पटेल, आणि आमच्या लग्नात आलेल्या एका आहेराच्या पाकिटावरही पटेल. म्हणजे अगस्त्य पाटील हा रोजच्या व्यवहारात अगस्त्य पटेलच होणार, आणि वडोदऱ्यात अगस्त्य पटेल किती असतील ते तुम्हीच मोजा. शेजारच्या मासींनी सहाव्या दिवशीच राशी विचारून घेतली. मेष म्हटल्यावर लगेच, "तो तो अ, ल, ई!" इकडे राशीच्या अक्षरावरून हाक मारायचं नाव ठेवतात, आपल्यासारखं नावरस नाव वेगळं ठेवत नाहीत. मग मेषेच्या पोरांची आरव, अयांश, अद्विक, अगस्त्य अशी रांगच लागते.

नवरा म्हणतो दुसरं बघू. नणंद म्हणते, कानात मी सांगणार, मला शनिवारपर्यंत कळवा. फार पसरलेल्या नावाचा मुलाला पुढे खरंच त्रास होतो का? ज्यांची नावं तशी आहेत त्यांनी सांगा. नावांच्या याद्या नकोत, त्या वाचून झाल्यात.

पाटी पेन्सिल

पहिलीला शिकवते, बावीस वर्षं झाली. यंदा वर्गात तीन आरव आहेत, दोन विहान, एक अगस्त्य. तीन आरवांचं काय करायचं याची मला जूनमध्ये काळजी होती. पोरांनी आठवड्यात निकाल लावला. एक 'लांबो आरव', एक 'चश्मावाळो', आणि तिसरा पहिल्या दिवशी डबा रिक्षात विसरला म्हणून 'टिफिन'. तो टिफिनला आता इतका सरावलाय की आरव म्हटलं तर वळत नाही.

मला त्रास होतो तो वेगळाच. विहान, रिहान, कियान, अयान. मागच्या बाकावरच्या एकाला हाक मारली की चौघं उठून उभे. सारख्या नावापेक्षा हे सारख्या शेपटीचं प्रकरण वाईट. अगस्त्य म्हटलं की फक्त अगस्त्यच बघतो.

एक मात्र सांगते. हे नाव लिहायला पहिलीत रडवेल. आमच्या अगस्त्यचा 'स्त्य' दिवाळीपर्यंत पाटीवर मावत नव्हता. मित्र त्याला अगूच म्हणतात.

सचिन, पण तो नव्हे

ताई, माझा जन्म 1971 चा, बडोद्यातलाच. तेंडुलकर 1973 चा. म्हणजे नाव मी आधी घेतलं. नोव्हेंबर 1989 मध्ये तो कराचीत पहिली कसोटी खेळला तेव्हा मी कॉलेजात होतो. तेव्हापासून आजतागायत माझी ओळख करून दिली की समोरचा हसून म्हणतो, "तेंडुलकर परथी?" अहो, अठरा वर्षांच्या मुलाचं नाव कुणी सोळा वर्षांच्या मुलावरून ठेवतं का? पूर्वी समजावत बसायचो, आता 'हो' म्हणतो.

त्याचं नाव तरी कुठे कोरं होतं? त्याच्या वडिलांनी ते सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवलं. गावसकरने मुलाचं नाव रोहन ठेवलं ते रोहन कन्हायवरून. सांगायचं म्हणजे, आज कुणाचंही नसलेलं नाव शोधून ठेवाल आणि तो पंधरा वर्षांचा होईतो त्याच नावाचा कुणीतरी टीव्हीवर झळकेल. त्याला काय करणार?

त्रास विचाराल तर, बँकेत आमच्या शाखेत एके काळी तीन सचिन होतो. माझ्या नावाने आलेला दिवाळीचा पेढ्यांचा डबा दुसऱ्याने संपवला. तेवढंच आठवतंय.

कोथरूडकर

अगस्त्य आता फारच झालंय. हृदान, क्षितिन असं काहीतरी वेगळं बघा ना.

रावपुऱ्याची सून

कोथरूडकर, पाटीलचं स्पेलिंग सांगतानाच माझा जन्म चाललाय. त्यात हृदानची भर नको.

आणखी एक पाटील

आडनावाचं दुखणं आमच्याही घरी आहे, म्हणून लिहितो. भावाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर पटेल आलं. इंग्रजीत एका अक्षराचा फरक, आय ऐवजी ई. पण दुरुस्तीला चौदा महिने गेले, आणि दरवेळी खिडकीतला माणूस सांगायचा, "एक ज अक्षर छे ने."

तुम्ही बारसं आणि दाखला यांची गाठ घालू नका. जन्म 21 दिवसांत नोंदवा, नाव न घालताही नोंदवता येतो. नाव 12 महिन्यांपर्यंत फुकट घालता येतं, पुढे विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. घालाल तेव्हा मात्र तोंडी सांगू नका. नाव, वडिलांचं नाव, आडनाव गुजराती आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून द्या आणि नोंद पक्की व्हायच्या आधी स्क्रीनवर स्वतः वाचा. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो. तिथे पटेल झालं की सगळीकडे पटेल.

दहा अगस्त्य पटेल असू देत की. मधलं नाव वडिलांचं असतंच.

दांडिया बाजारचे काका

सूनबाई, ज्या गावात राहतेस त्या गावचा राजा कोण? सयाजीराव तिसरे. आधी दोन होऊन गेले होते. मूळ नाव गोपाळराव, गाव कवळाणे. 1875 साली दत्तक घेतलं तेव्हा तिसऱ्यांदा वापरलेलं नाव मिळालं. आज बडोद्यात सयाजी म्हटलं की आधीचे दोन कुणाला आठवतात?

आणि अगस्त्य नाव आपल्याला शोभतं. ते विंध्य ओलांडून दक्षिणेला गेले आणि परतलेच नाहीत. आपले पूर्वज गायकवाडांबरोबर नर्मदा ओलांडून उत्तरेला आले, तेही परतले नाहीत. दिशा तेवढी उलटी.

बारशाच्या घुगऱ्या आम्हाला कधी?

रावपुऱ्याची सून

सगळ्यांचे आभार. शनिवार, रात्रीचे साडेनऊ.

मला या दिवसांत गच्चीवर कोण जाऊ देणार, म्हणून जेवण झाल्यावर नवऱ्याला पाठवलं. नाही-होय करत गेला. दहा मिनिटांत येतो म्हणाला आणि अर्ध्या तासाने खाली आला, कान गार पडलेले. म्हणाला, "समोरच्यांनी टाकी उंच केलीय. आपल्या जिन्याच्या टोकावर उभं राहिलं तरच दिसतो." मग जरा वेळाने, "बाबा मला कधी घेऊन गेले नाहीत गं वर." मी काही बोलले नाही.

नणंदेला फोन त्यानेच केला. अगस्त्य.

पाटी पेन्सिल ताई, सासूबाईंनी सकाळपासूनच अगू म्हणायला सुरुवात केली आहे, नाव ठरायच्या आधीच. आणखी एक पाटील, कागद लिहून ठेवलाय, आयवर लाल पेनाने गोल केलाय. काका, घुगऱ्या उद्या संध्याकाळी पाचनंतर, जिना जपून चढा.